आयाळ असलेले शून्य

“कक्ष क्रमांक एकोणतीस. सिंहपुच्छ वानर : संख्या शून्य. सबब, प्रस्तावित विद्युतवाहिनीमुळे सदर प्रजातीच्या अधिवासास कोणतीही बाधा संभवत नाही.”

अहवालाच्या एकशे बाराव्या पानावरचे हे विधान. त्याखाली तीन सह्या आहेत, एक गोल शिक्का आहे, आणि शिक्क्याच्या शाईवर कोणाच्या तरी चहाच्या कपाचे वर्तुळ उमटलेले आहे.

चैत्रातल्या कोवळ्या प्रहरी हे शून्य पातफणसाच्या शेंड्यावर बसलेले असते. काळेभोर, मखमाली देहाचे. मुखाभोवती रुपेरी आयाळीची प्रभावळ ल्यालेले. शेपटीच्या टोकाला सिंहासारखा गोंडा मिरवणारे. उन्हाची पहिली सोनसळी तिरीप त्या आयाळीत शिरते आणि बाहेर पडायचे विसरते. शून्य जांभई देते. शून्य मांडी खाजवते. शून्याच्या कुशीत दुसरे एक शून्य, वितीएवढे, गुलाबी मुखाचे, स्तनाला लुचत असते.

गोव्याची हद्द ओलांडून सह्याद्री दक्षिणेकडे उतरू लागतो, तिथल्या एका दरीत हे रान आहे. दरीचे नाव काळवळ, पायथ्याच्या वस्तीचेही तेच. सावंतवाडीकडून चार पिढ्यांपूर्वी काही घाडी घराणी आपली देवी टोपलीत घालून इथे उतरली. देवी रानात बसवली, रान देवीला दिले, आणि बोली मात्र स्वतःजवळ ठेवली. अजूनही तिथे झाडाला झाड म्हणतात, पण हाकेला मालवणी हेल असतो.

त्या रानात दोन भूप्रदेश आहेत. खालचा मातीचा, ओलसर, अंधारा, पालापाचोळ्याचा. वरचा पानांचा, झुलता, उजेडाचा. नागकेशराची ताम्रवर्ण पालवी उंबराच्या हिरव्याशी मिसळते, उंबर रानजायफळाच्या खांद्यावर हात टाकतो, रानजायफळ पातफणसाला बिलगते. आणि अशा बिलगण्याबिलगण्यातून दरीच्या या कड्यापासून त्या कड्यापर्यंत एक अखंड, सुगंधी, वाऱ्यावर डोलणारी वाट तयार होते. सिंहपुच्छ वानर त्या वाटेवर जन्मतात, त्या वाटेवर भांडतात, त्या वाटेवर म्हातारे होतात. मातीवर ते सहसा उतरत नाहीत. ही वाट बेचाळीस मीटर रुंदीने कापली, तर अलीकडचे अलीकडे राहतील आणि फळे पलीकडे.

बेचाळीस मीटर हीच विद्युतवाहिनीच्या पट्ट्याची मंजूर रुंदी आहे.

आता अहवालाच्या तर्काकडे वळू. आपल्या जुन्या दर्शनकारांनी अभावाच्या ज्ञानावर शतकानुशतके वाद घातला. अंगणात घडा नाही हे कशावरून कळते? दिसत नाही, यावरून. पण मग त्यांनी एक अट घातली : घडा असता तर दिसला असता, एवढा उजेड तिथे हवा, आणि पाहणाऱ्याचे डोळे अंगणाकडे वळलेले हवेत. ही अट पाळण्यासाठी त्या मंडळींकडे ना जीप होती ना दुर्बीण; तरीही त्यांनी ती पाळली.

अहवालकर्ते डॉ. सबनीस हे वन्यजीवांचे अभ्यासक. त्यांनी गेल्या वैशाखात तीन दिवस पाहणी केली. रोज अकरा ते साडेबारा. म्हणजे ज्या प्रहरी प्रत्येक शहाणा वानर दाट सावलीत निजलेला असतो, नेमक्या त्या प्रहरी. पाहणी रस्त्यावरून झाली, आणि रस्ता रानाबाहेरून जातो. मान वर करणे ही क्रिया पाहणीच्या पद्धतीत नमूद नव्हती.

एवढ्यावर अहवाल हसण्यावारी नेता आला असता. पण त्यात एक पुरावा आणखी आहे, आणि तो तसा हसण्यावारी नेता येत नाही. “देवराईचे पिढीजात राखणदार श्री. झिलू घाडी, वय बहात्तर, यांनी सदर प्राणी येथे नसल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले.”

हे वाक्य खरे आहे. झिलू घाडी तसे म्हणाला होता.

वैशाखातली ती दुपार. देवराईच्या तोंडाशी जांभ्या दगडाच्या पायरीवर झिलू बसला होता, उघड्या अंगाचा, उन्हाने रापलेला, एखाद्या जुन्या बुंध्यासारखा निश्चल. सबनीसांनी छायाचित्र पुढे केले. झिलूने ते दोन्ही हातांत घेतले, सासरी गेलेल्या लेकीचा फोटो घ्यावा तसे लांब धरून पाहिले, आणि अंगठ्याने हलकेच आयाळीवरची धूळ पुसली.

“आजोबा, हे माकड इकडे दिसते का?”

“नाय.”

“पूर्वी होते?”

“पूर्वी पन नाय.”

“बरं, कधी आवाज वगैरे?”

त्याच क्षणी वरच्या पर्णसंभारातून पातफणसाचा एक गर टपकन सबनीसांच्या फाइलीवर पडला. पिवळा, ताजा, दातांच्या खुणांचा.

“हे कोणी टाकले?”

“वाऱ्यान.”

“वारा चावतो का, आजोबा?”

“हयलो वारो चावता. सांबाळून रवा.”

सबनीस मनापासून हसले. रुमालाने फाइल पुसली, रकान्यात शून्य भरले, आणि जेवणाची वेळ झाली म्हणून निघाले. त्यांच्या डोक्यावर तीस हातांवर सोळा रुपेरी प्रभावळी खाली वाकून हा सारा शास्त्रीय व्यवहार न्याहाळत होत्या.

झिलू खोटे का बोलला?

काळवळीत जे वाढत असते, त्याला नाही म्हणतात. भाताच्या लोंबीत दूध भरत असताना कोणी विचारले, यंदा पीक कसे, तर उत्तर येते : पीक नाय. माडाला फुलोऱ्याची पहिली पोय आली, तर : माडाक काय नाय. बाळंतिणीच्या दारात उभे राहून कोणी विचारले, घरात कोण आले, तर आतून थकला, सुखावला आवाज येतो : कोण नाय. विचारणारी मान डोलावते, घरी जाते आणि पेज पाठवते. बारा दिवस ते लेकरू सगळ्या गावासाठी नसते. बारा दिवस सगळे गाव त्याच्या नसण्याची काळजी घेते. तेराव्या दिवशी त्याला उन्हात आणतात, आणि मग ते असते.

दृष्ट बाहेरून येते, ती आधी नाव विचारते, अशी तिथली समजूत. म्हणून कोवळ्याचे नाव घ्यायचे नाही, कोवळ्याला मोजायचे नाही. आणि देवीच्या रानात तर कायम कोणी ना कोणी कोवळे असतेच. तिथल्या ‘वयल्यांना’, म्हणजे वर राहणाऱ्यांना, काळवळीने चार पिढ्यांत एकदाही असल्याचे कबूल केलेले नाही. मायेचे असे मौन, आडपडद्याचे असे वात्सल्य! एवढ्या जपणुकीने जपलेली गोष्ट सरकारी रकान्यात पडली, आणि रकान्याने ती शब्दशः घेतली. ज्या उत्तराला गावातली पाच वर्षांची पोरगीही फसली नसती, त्याला तीन पदव्या फसल्या.

फाल्गुनात माणसे आली, आणि रानातल्या बुंध्यांवर तांबडे आकडे चढले. उंबर एकशे चार. नागकेशर एकशे पाच. ज्या पातफणसावर पहाटेची पहिली तिरीप उतरते, तो एकशे एकोणीस. रंग ओला होता, ओघळत होता, आणि ओघळ सालीच्या सुरकुत्यांतून मुळांपर्यंत पोहोचत होते.

शाळेच्या मास्तरांनी अहवालाची प्रत मिळवून ओटीवर वाचून दाखवली. झिलूची बायको भामी सूप हातात घेऊन ऐकत होती. ती सत्तरीची, काटक, जिभेला धार असलेली. नवऱ्याचे नाव कानी पडले, तेव्हा सूप थांबले.

“अवो, तुमचा नाव छापून इला,” ती म्हणाली. “जन्मात पयल्यांदा. गूळखोबरा वाटूया?”

झिलू सुपाबाहेर सांडलेले दाणे वेचू लागला.

“तुमच्या एका नायन आख्खा रान खाल्ल्यान.”

“तेंचा वायट व्हवाक सांगलंय काय मी? बरा व्हवाक सांगलंय.”

“तां माका ठावक, वयल्यांका ठावक. सरकाराक कोण सांगतलो?”

कोण सांगणार, हा प्रश्न त्या दिवसापासून घरात तिसऱ्या माणसासारखा राहू लागला. गावाने तक्रार केली. तक्रारीवर सुनावणी लागली. सबनीसांनी लेखी कळवले की, राखणदाराचा जबाब स्पष्ट आहे; आता तो फिरत असेल, तर सरकारी पाहणीची दिशाभूल केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवावा. आरोपाची नोटीस आली. झिलूने ती देवीसमोर ठेवली, वर एक दगड ठेवला, आणि दोन दिवस तिच्याकडे पाहिले नाही.

नोटिशीला तो भीत नव्हता. तो ज्याला भीत होता, ते सहा दिवसांपूर्वी जन्मले होते.

गुढीपाडव्याच्या आदल्या सकाळी झिलू देवराईत दिवा लावायला गेला, तेव्हा कळपातल्या एकीच्या पोटाशी त्याला काहीतरी हलताना दिसले. काळी ओली लव. गुलाबी मुख. मुठीएवढ्या मुठी. आयाळ अजून फुटलेली नव्हती. ते मुख चौकट नसलेल्या आरशासारखे उघडे, निराधार, नवे होते. झिलू उभ्या जागी हात जोडून राहिला. घरी आल्यावर भामीने विचारले, रानात काय? तो म्हणाला, काय नाय. भामीला कळले. तिने त्या दिवशी पेजेची एक वाटी देवराईच्या पायरीवर नेऊन ठेवली.

सुनावणीचा दिवस उजाडला, तेव्हा ते लेकरू आठ दिवसांचे होते.

सकाळच्या उन्हात भामी त्याचे धोतर दगडावर आपटून निर्‍या सारख्या करत होती. परसातल्या जास्वंदीवर दव होते, आणि दवात ऊन होते. झिलू उंबऱ्यात बसला होता.

“अजून चार दिस आसत,” तो म्हणाला. “आज मी तोंडातसून काडलंय, आनी तान्ह्याक कायतरी झाला, तर?”

भामीचे हात थांबले. धोतरातून पाणी ठिबकत राहिले.

“आपल्या झिलाक काय झाला होता?” तिने विचारले.

पंचेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्या घरात कोणी विचारला नव्हता. त्यांचा पहिला मुलगा, त्यांच्या बोलीतला ‘झिल’. पाचव्या दिवशी कासार दारात बांगड्या घेऊन आला, आणि विशीतली वेडी, आनंदाने भरून सांडणारी भामी आतून ओरडली होती : झिल झालो! नवव्या दिवशी ते मूल गेले. पुढे दोन मुली झाल्या. दोन्ही वेळा तिने बारा दिवस ओठ उघडले नाहीत, गाणेसुद्धा म्हटले नाही.

“ताप इल्लो तेका,” भामी म्हणाली. “वैदाकडे न्हेवक नदी उतराची वाट बघलाव, तवर गेलो. माझ्या तोंडान गेलो नाय तो.”

“मी कदी म्हटलंय?”

“म्हणाक नाय. पंचेचाळीस वर्सां म्हणाक नाय तुमी. तांच माका आयकाक येयत ऱ्हवला.”

जास्वंदीवरचे दव सुकले. भामीने धोतर झटकले, दोरीवर टाकले, आणि वाऱ्याने ते शिडासारखे फुगले. ती आत गेली. परत आली, तेव्हा तिच्या हातात त्याची टोपी होती, आणि टोपीची घडी तिने इतकी सरळ केली होती, की झिलूला तिच्याकडे पाहवले नाही.

सुनावणी शाळेच्या पडवीत होती. सुनावणी घेणाऱ्या अधिकारी हळदणकर बाई टेबलामागे बसल्या होत्या. त्यांच्या डाव्या हाताला लेखनिक, उजव्या हाताला सबनीस. समोर काळवळ. काळवळीच्या मागे, खिडकीच्या गजांतून, रान.

सबनीस सौम्यपणे बोलले. सौम्यपणा हा त्यांच्या विद्वत्तेचा भागच होता.

“मॅडम, माझा आकडा माझा नाही. तो या आजोबांचा आहे. माणूस पहिल्यांदा बोलतो ते स्वतःचे असते. दुसऱ्यांदा बोलतो ते गावाचे असते. मी त्यांचा पहिला शब्द प्रमाण मानला. यापेक्षा स्थानिकांचा आदर तो काय करायचा?”

मागून कोणी तरी म्हणाले, “आदर केल्यान, मगे तेंच्याच मानेर कुऱ्हाड कित्याक?” पडवी हसली. बाईंनी पेन टेबलावर आपटले.

मग त्यांनी झिलूला समजावून सांगितले, सावकाश, दोनदा. तो आपल्या पहिल्या जबाबावर ठाम राहिला, तर त्याच्यावर काही नाही. वाहिनीचे काम सोमवारी सुरू होईल. जबाब खोटा होता असे त्याने कबूल केले, तर त्या शून्याला आधार उरणार नाही. तोड थांबेल, मोजणी नव्याने होईल. पण मग गुन्हा त्याच्या नावावर नोंदला जाईल. कोणते जनावर, किती, कुठे, हेही त्याला तोंडाने सांगावे लागेल. नुसते ‘आहेत’ चालणार नाही.

“मोजून?” झिलूने विचारले.

“मोजून.”

त्याने मागे पाहिले. भामी बायकांच्या रांगेत भिंतीला टेकून उभी होती. तिने पदर सारखा केला नाही, मान हलवली नाही. ती फक्त त्याच्याकडे पाहत राहिली, आणि पंचेचाळीस वर्षांची ती दृष्टी चैत्राच्या उन्हासारखी स्वच्छ होती.

“बाये, बसान सांगू की उभ्यान?”

“बसूनच सांगा, आजोबा.”

झिलू उभा राहिला. त्याने टोपी काढली. बाईंनी लेखनिकाला बजावले की, शब्द सुधारायचे नाहीत. आरोपी बोलेल तसे, त्याच्याच बोलीत, उतरवायचे. लेखनिकाने ते पाळले. त्या कागदावर एकही खाडाखोड नाही. तो असा :

“मी झिलू भिकाजी घाडी. ऱ्हवणार काळवळ. माझ्यार आरोप आसा, की मी सरकारी मानसाक खोटा सांगलंय. होय, सांगलंय. तेनी फोटो दाखवल्यान, इचारल्यान, आसत काय? मी म्हटलंय, नाय. तां खोटा होता. ती आसत.

सतरा आसत. मोठो एक, तेचो उजवो कान फाटलेलो. तो साद घालता, ती पलीकडच्या डोंगरार आयकाक येता. बायलो सात. तेतूरली एक म्हातारी आसा, दात पडले तिचे. तिका धाकटी फणस फोडून देतत. एकीचो डावो हात मोडललो, ती सगळ्यांच्या मागसून येता, पन तिच्यासाठी बाकीची थांबतत. आठ पोरां. हे सोळा.

सतरावा तान्हा. आठ दिसांचा. बारा दिस जावक नाय, तरी सांगतंय. तेका कायेक झाला, तर तो दोष माझो, तेच्या आवशीचो नाय.

आनी बाये, आजून एक लिवा. आमका पंचेचाळीस वर्सांमागे झिल झालो होतो. नवव्या दिसाक गेलो. तापान गेलो. भामीन तेचा नाव घेतल्यान, म्हणान गेलो नाय. ह्या मी तिका कदी सांगूक नाय, गप ऱ्हवलंय. फोटोवाल्याक मी खोटा एकदाच बोललंय. घरात रोज बोललंय. तो गुन्हो मोठो. तो पयलो लिवा.

तान्ह्याची आवस ह्या वक्ताक रानजायफळार आसतली. ऊन वाडला की ती तेचा तोंड आपल्या आयाळीत घेता. वयर पानां हलतत, खाल सावली हलता. मधी तां निजता.”